महाविद्यालयाचा विचार : केव्हा आणि कुठून
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



शालेय वयातच महाविद्यालयाचा विचार कसा करावा, या विषयावर बोलण्याची विनंती कार्यकारिणीने केली तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. साधा बी.ए. झालेला, केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे फाइली वाचणारा माणूस. परंतु आपले चिटणीस मोठे चतुर. ते म्हणाले, "तज्ज्ञ पुष्कळ मिळतील हो, तुमची जी चूक झाली तेवढी सांगा." चूक सांगण्यास पात्रता लागत नाही, म्हणून उभा राहिलो आहे.

माझ्या स्वतःच्या वेळी विचार करण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. १९८६ साली तालुक्याच्या गावी दहावी झालो. गावातल्या महाविद्यालयात कला शाखा होती, विज्ञानासाठी जिल्ह्याला जावे लागे, आणि जिल्ह्याला राहण्याची सोय नव्हती. झाले! कला शाखा. निर्णयास पाच मिनिटे लागली असतील. त्याचा मला खेद नाही. पण मुलांच्या बाबतीतही असेच पाच मिनिटांत काम होईल असा एक समज मनात कुठेतरी राहून गेला.

माझी कन्या आठवीपर्यंत गुवाहाटीस होती. नववी-दहावी भोपाळला झाली, आणि अकरावीच्या आरंभी आमची बदली येथे हैदराबादेस झाली. शाळा सर्वत्र केंद्रीय विद्यालय. १९६३ साली ही विद्यालये निघाली तीच मुळी आपल्यासारख्या फिरत्या नोकरदारांच्या मुलांसाठी. पुस्तके तीच, परीक्षामंडळ तेच, गणवेशही तोच. त्यामुळे मुलीच्या शिक्षणात कसलाही खंड पडत नाही, या भ्रमात आम्ही सुखाने वावरत होतो. तिला वैद्यकीय शाखेला जायचे होते. अभ्यासात ती कसूर करीत नव्हती, आणि आम्हीही तिला दुधाचा पेला नेऊन देण्यात कसूर केली नाही.

२०१८ साली 'नीट'चा निकाल लागला. गुण चांगले होते, अत्युत्कृष्ट नव्हते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात असतात. उरलेल्या ८५ टक्के त्या त्या राज्याच्या. अखिल भारतीय यादीत तिचा क्रमांक खाली पडला, तेव्हा आम्ही राज्याच्या जागांकडे वळलो. आणि तेथे प्रथमच कोणी आम्हांस विचारले, की राज्य कोणते?

तेलंगणात स्थानिक ठरण्यासाठी पात्रता परीक्षेपर्यंतची सलग चार वर्षे, म्हणजे नववी ते बारावी, येथे शिकलेली असावी लागतात. तिची दोन भरत होती. स्थानिक नसलेल्यांना ज्या थोड्या अनारक्षित जागांवर येथे दावा सांगता येत होता, त्यांत गुणवत्तेची स्पर्धा साऱ्यांशीच होती. मध्यप्रदेश केव्हाच सुटला होता. मग आपले घर म्हणून महाराष्ट्राकडे पाहिले. तेथे वैद्यकीय प्रवेशासाठी अधिवास तर हवाच, पण दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा राज्यातून उत्तीर्ण झालेल्या हव्यात. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना सवलत आहे, पण ती कर्मचारी बदलून महाराष्ट्रात रुजू झाला असेल तर. मी रुजू झालो होतो हैदराबादेत. अभिमत विद्यापीठांची दारे सर्वांना उघडी होती. शुल्काचे आकडे ऐकून ती आम्हीच लोटून घेतली.

तिच्याहून कमी गुणांच्या एका मैत्रिणीस येथे प्रवेश मिळाला. ती मुलगी येथलीच, त्यामुळे अन्याय असा कोणावर झाला नाही. नियम सर्वांना सारखाच होता आणि छापील होता. तो चार वर्षे आधी वाचणे एवढेच माझ्या हाती होते. कार्यालयात परिपत्रकाचा तिसरा परिच्छेद मला तोंडपाठ असे. घरातल्या कामाचे परिपत्रक मी उघडूनही पाहिले नाही. त्या रात्री मुलीने जेवता जेवता विचारले, "बाबा, आपण नेमके कुठले?" मला उत्तर देता आले नाही. पुढे तिने सूक्ष्मजीवशास्त्र घेतले आणि त्यात ती रमली, हे खरे. पण ती जे रमली ते तिचे कर्तृत्व. माझी चूक त्याने पुसली जात नाही.

आता आपणा सर्वांच्या उपयोगाचे बोलतो.

हा चार वर्षांचा नियम आता अधिकच पक्का झाला आहे. तेलंगणाने २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशासाठी तो पुन्हा घालून दिला; त्यावर न्यायालयात पुष्कळ वाद झाला, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम उचलून धरला. काही विशिष्ट वर्गांतील बदलीच्या नोकरदारांच्या मुलांना त्यात सवलत आहे. आपण त्या वर्गात बसतो की नाही हे मूळ आदेश वाचूनच ठरवावे, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे. नियमाचा अर्थ इतकाच, की येथे ज्याचे मूल आठवीत आहे त्याची घटका भरत आली आहे. नववीचे वर्ष कोठे काढायचे, हा वैद्यकीय प्रवेशाच्या अर्जाचा पहिला रकाना आहे असे समजावे.

महाराष्ट्राकडे डोळे असणाऱ्यांनी एक भेद ध्यानात ठेवावा. वैद्यकीयचा नियम मी सांगितला. अभियांत्रिकीचा तितका कठोर नाही. तेथे उमेदवार स्वतः किंवा त्याचे वडील अथवा आई महाराष्ट्राचे अधिवासी असतील आणि तसे प्रमाणपत्र असेल, तर बाहेर शिकलेल्या मुलालाही राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या मार्गाने राज्यातला उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊकच नसते. 'आपले आता तिकडे काही नाही' असे म्हणून ते मोकळे होतात. मात्र प्रमाणपत्र ऐन जूनमध्ये मागण्यास जाऊ नये. महाराष्ट्रात पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, आणि त्यासाठी आपला जुना शाळा सोडल्याचा दाखला, जन्माची नोंद, घराच्या पावत्या गोळा कराव्या लागतात. गावच्या माळ्यावरच्या ट्रंकेत काय आहे, हे दिवाळीला गेलात की पाहून या.

जातीच्या दाखल्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे, कारण त्यात फसगत मोठी होते. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की एका राज्यातील अनुसूचित जाती वा जमातीचा मनुष्य दुसऱ्या राज्यात राहावयास गेला, तर त्या दुसऱ्या राज्याच्या जागांत त्याला तेथील राखीव हक्क मिळत नाही. ते प्रकरण नेमके असेच होते : आंध्रातून मुंबईस नोकरीसाठी आलेल्या पित्याचा मुलगा आणि वैद्यकीयची जागा. म्हणजे आपल्या महाराष्ट्रातील दाखल्याचा उपयोग केंद्रीय संस्थांत आणि अखिल भारतीय जागांत होतो, येथील राज्याच्या जागांत होत नाही. इतर मागासवर्गीयांसाठी केंद्राची यादी आणि राज्याची यादी वेगळी, प्रमाणपत्राचा नमुनाही वेगळा. दोन्ही ताडून पाहावे.

नावाचा घोळ तर विचारूच नका. आपण आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे, शेवटी आडनाव लिहितो. गावच्या जुन्या कागदांत आडनाव आरंभी असते. आणि येथे ते आरंभीच येऊन एका आद्याक्षरात आक्रसते. एकाच मुलाचे आधारपत्र, जन्मदाखला आणि गुणपत्रिका तीन वेगळ्या माणसांची वाटावी! केंद्रीय माध्यमिक मंडळात मुलाची नोंदणी नववीतच होते, आणि पुढे गुणपत्रिकेवर तेच नाव उतरते. नंतर बदल करणे महाकठीण. शाळेने तपासण्यास दिलेल्या त्या कागदावर स्वयंपाकघरातून येता येता सही करू नये. चष्मा लावून बसावे.

आता विषयांबद्दल. या शहरात दहावीनंतर दोनच वाटा आहेत असे मुलांना वाटते, एमपीसी आणि बायपीसी. तिसरी वाट विचारणाऱ्याकडे लोक करुणेने पाहतात. परंतु अकरावीत सोडलेला विषय पुढे सहसा परत येत नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत संख्याशास्त्राच्या पदवीस जायचे तर बारावीला गणित लागते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, नौदल व वायुदलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. सैन्याची ओढ असणाऱ्या महाराष्ट्राच्या अधिवासी मुलांसाठी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९७७ पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था आहे. तेथील प्रवेश दहावीनंतर असतो. बारावीनंतर चौकशी करणाऱ्यास केवळ पत्ता मिळतो. आणि या शहरातच हैदराबाद विद्यापीठ आणि इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ आहे. दोन्ही केंद्रीय, म्हणजे तेथे 'तुम्ही कुठले' हा प्रश्न तुम्हांला अडवीत नाही. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवीप्रवेशासाठी सामाईक परीक्षा सुरू झाली आहे. ज्यांचे मूल फिरतीत वाढले, त्यांनी या संस्थांकडे अधिक लक्ष द्यावे असे माझे मत आहे.

शिकवणी वर्गांविषयी थोडेच बोलतो, अन्यथा वेळ पुरणार नाही. सहावीतल्या मुलाला पहाटे पाचला उठवून 'फाउंडेशन'ला धाडणे याला मी नियोजन म्हणत नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही सोळा वर्षांखालील मुलांना अशा वर्गांत घेऊ नये असे म्हटले आहे. त्या सूचनांचे पुढे काय होते हे आपण रोज सकाळी रस्त्यावर पाहतोच.

इतके सांगून मी बसणार होतो. पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली. माझी बदली नागपुरास झाली. धाकटा चिरंजीव येथे नववीत आहे. मी लगेच कागद-पेन्सिल घेतली. येथे ठेवला तर तेलंगणाची चार वर्षे पुरी होतात. नागपूरला नेला तर दहावी-बारावी महाराष्ट्रात होतात, पण तीन वर्षांत पुन्हा बदली झाली तर काय? तासभर मी दोन रकाने भरीत होतो. सौभाग्यवतींनी ते कागद पाहिले आणि चिरंजीवांच्या हाती दिले. त्याने शांतपणे वाचले आणि म्हणाला, "बाबा, मला डॉक्टर व्हायचे आहे हे कोणी ठरवले?"

कोणीच ठरवले नव्हते. रकाने मात्र सारे वैद्यकीयचे होते.

त्याला इतिहास आवडतो, कदाचित कायदा घेईन म्हणतो; अजून त्याचेही नक्की नाही. मी एक तारखेस नागपुरास हजर होतो आहे. तो आणि त्याची आई वार्षिक परीक्षेपर्यंत येथेच राहतील, आणि त्यानंतरचे आम्ही तिघे मिळून ठरवू. तोवर प्रत्येक शनिवारी रात्री दूरध्वनीवर याविषयी बोलायचे, अशी अट त्याने घातली आहे आणि मी ती मान्य केली आहे.

ज्यांची मुले सातवी ते नववीत आहेत आणि ज्यांना दाखले ताडून पाहायचे आहेत, त्यांनी चहानंतर ग्रंथालयाच्या खोलीत यावे. मी नऊ वाजेपर्यंत तेथे आहे. मूळ कागद आणावेत, आणि शक्य तर मुलांनाही.