मानेचे दुखणे आणि देहाचा तोल
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी वैद्य नव्हे. तीस वर्षे फायलींत मान घालून बसलेला सरकारी नोकर आहे. आज बोलणार आहे ते केवळ रुग्णाच्या अधिकाराने.

दोन वर्षे माझी मान दुखत होती. मी गळ्यात पट्टा बांधला, मान वळवणे सोडले आणि त्यालाच पथ्य समजलो. पुढे तोल जाऊ लागला. गेल्या गणेशोत्सवात आरतीच्या वेळी मान वर केली आणि शेजारच्या गृहस्थांच्या अंगावर कलंडलो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्यानंतर जिना उतरण्याचीही धास्ती वाटू लागली.

तपासणीअंती उलगडा झाला. डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांधे या तिघांच्या वर्दीवर मेंदू तोल राखतो. मानेच्या वरच्या मणक्यांलगतच्या लहान स्नायूंत संवेदनाग्राहके फार दाट असतात. ते स्नायू दुखावले, आखडले की वर्दी चुकते. पट्ट्याच्या दीर्घ वापराने तर ते अधिकच दुबळे होतात.

१९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी अंतर्कर्णाच्या विकाराने भोवळ येणाऱ्यांसाठी व्यायामक्रम आखला. ज्या हालचालींनी भोवळ येते, त्याच बेताबेताने करावयाच्या. आधी नुसते डोळे, मग मान, मग उठबस, शेवटी जिना. मेंदू तोल पुन्हा शिकतो, हे त्यामागचे सूत्र.

माझा क्रमही त्याच धर्तीचा होता. उताणे पडून हलकेच होकार दिल्यासारखी हनुवटी आत घेणे. भिंतीवरील खुणेवर नजर रोखून मान डावी-उजवीकडे वळवणे. खुर्चीला धरून एका पायावर उभे राहणे. डोळे मिटून मान वळवायची व पुन्हा मध्यावर आणायची, हाही एक पाठ. प्रथम डोळे उघडले की मान मध्यापासून बरीच दूर असे! तीन महिन्यांनी मी जिना निर्धास्त उतरू लागलो.

मात्र स्वतःच्या मनाने काही आरंभू नये. हातापायांत दुर्बलता, बोबडी वळणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे, असे काही झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

आपण मुलुखापासून दूर राहतो. मुले त्याहून दूर. पडण्याच्या भयाने आपण घरात बसतो आणि बसल्याने अधिक पडतो. म्हणून माझी विनंती एवढीच, की दुखणे लपवू नका. त्या दिवशी मला सावरणारे गृहस्थ आज रोज सकाळी माझ्यासोबत फिरावयास येतात. मंडळ असते ते याचसाठी.