छोट्या लाईनच्या शोधात पायी
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



झाशीत रेल्वेवर बोलणे म्हणजे पंढरपुरात विठोबाची ओळख करून देणे. म्हणून मी चालू गाड्यांवर बोलत नाही. ग्वाल्हेर-शिवपुरी ही माधवराव शिंदे यांच्या काळातली छोटी लाईन १८९९ साली सुरू झाली. रुळांमधले अंतर फक्त ६१० मिलिमीटर; आपल्या ब्रॉडगेजचे १६७६. ती गेल्या शतकातच बंद पडली. ग्वाल्हेरच्या राजवाड्यातली जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी बघायला आपण पाहुण्यांना हौसेने नेतो, पण खऱ्या गाडीची वाट शोधायला कोणी जात नाही!

ही वाट जंगलात ओळखायची कशी? बैलगाडीची वाट नाल्यात उतरते आणि पलीकडे चढते. रूळमार्गाला ते जमत नाही. लोखंडी चाकाची लोखंडी रुळावर पकड कमी, त्यामुळे चढ सौम्यच लागतो. बोरघाटातला ३७ फुटांना एक फूट हा चढसुद्धा इंजिनांचा घाम काढतो. म्हणून खोलगटात मातीचा भराव, उंचवट्यात कटिंग आणि नाल्यावर मोरी. वळणही एकदम नाही, लांबवर हळूहळू. करधईच्या झाडीत पाय न चढता न उतरता चालू लागले आणि मातीत खडी लागली, की थांबून दोन्हीकडे बघावे. एकदा एका गुराख्याला विचारले, तर तो म्हणाला, "यही तो छोटी लाइन है, आप उसी पर खड़े हैं।" त्याने गाडी पाहिलेली नव्हती, नाव मात्र टिकले होते.

ही नावे टिकवण्याची घाई आहे. भराव नांगराखाली जातात, मोऱ्यांचे दगड घरांना लागतात. ग्वाल्हेर-श्योपूर ही याच रेल्वेची दुसरी शाखा २०२० पर्यंत धावत होती; तिच्या जागी आता ब्रॉडगेज येत आहे. तिच्यावर काम केलेली माणसे अजून आपल्यात आहेत. शिवपुरी शाखेची माणसे आता कुठून आणायची?

दिवाळीनंतर पाच-सहा जण निघू. माधव राष्ट्रीय उद्यान २०२५ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिकडे पायी शिरायचे नाही, बाहेरच चालायचे. आणि श्योपूर लाईनवर नोकरी केलेल्या मंडळींनी आज जाण्यापूर्वी मला भेटावे. स्टेशनांची नावे क्रमाने लिहून घ्यायची आहेत. वही आणली आहे.