बायबल कोणीं लिहिलें, आणि कशासाठीं?

‘बायबल’ हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ ‘पुस्तकें’ असा आहे. पुढें अनेकवचनाचें एकवचन झालें, सारीं पुस्तकें एका पुठ्ठ्यांत बांधलीं गेलीं, आणि हा सगळा ग्रंथ एकाच लेखणींतून उतरला असावा अशी सामान्य वाचकाची समजूत होऊन बसली. वस्तुतः तें पुस्तकांचें एक कपाट आहे. प्रॉटेस्टंट पंथाच्या प्रतींत ६६ पुस्तकें असतात. पैकीं ३९ जुन्या करारांत आणि २७ नव्या करारांत. जुना करार बहुतेक हिब्रू भाषेंत व थोडासा अरामी भाषेंत आहे. नवा करार ग्रीक भाषेंत आहे. अगदीं जुन्या गीतांपासून शेवटल्या पत्रापर्यंत सुमारें हजार वर्षांचा काळ लोटला आहे. या कपाटांत कायदे आहेत, वंशावळी आहेत, युद्धगीतें, म्हणी, विलाप, प्रेमकाव्य आणि खासगी पत्रेंहि आहेत. तेव्हां ‘हें कोणीं लिहिलें?’ असा एकच प्रश्न विचारून भागत नाहीं. एकेक पुस्तक हातीं घ्यावें लागतें. लेखकाचें नांव पुष्कळदां सांपडत नाहीं. पण कोणत्या प्रसंगानें त्याला लेखणी हातीं घ्यावयास लाविलें, तें बहुधा सांपडतें.

पुस्तक कसें तयार होत असे, हें बायबलनेंच एके ठिकाणीं दाखविलें आहे. इ. स. पूर्वीं ६०५ च्या सुमाराची ही गोष्ट. यहूदाच्या लहानशा राज्यावर बाबिलोनची छाया पडूं लागली होती. यिर्मया नांवाचा संदेष्टा वीस वर्षांहून अधिक काळ राजाला व प्रजेला बजावीत होता कीं, अन्याय सोडा, नाहीं तर हें नगर राहणार नाहीं. त्याला मंदिरांत जाण्याची मनाई झाली, तेव्हां त्यानें बारूख नांवाच्या लेखकाला बोलाविलें. यिर्मया सांगत गेला आणि बारूख तें शाईनें गुंडाळीवर उतरून घेत गेला. पुढल्या वर्षीं हिंवाळ्यांत, उपवासाच्या दिवशीं, मंदिरांत जमलेल्या लोकांना बारूखानें ती वाचून दाखविली. दरबारी मंडळी घाबरली. त्यांनीं दोघांना लपून राहावयास सांगितलें व गुंडाळी राजाकडे गेली. यहोयाकीम राजा शेगडीपुढें शेकत बसला होता. तीन-चार रकाने वाचून झाले कीं लेखकाच्या चाकूनें तो तेवढा भाग कापी आणि विस्तवांत टाकी. सबंध गुंडाळी अशी जळून गेली. यिर्मयानें दुसरी गुंडाळी घेतली, पहिला सर्व मजकूर बारूखाकडून पुनः लिहविला, आणि त्यांत तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली.

ही शेवटली भर नजरेआड करूं नये. दुसरी प्रत पहिलीपेक्षां मोठी झाली, हें ग्रंथ स्वतःच उघडपणें सांगतो. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि आवृत्तीगणिक वाढत जाणारा मजकूर, हीच त्या काळची ग्रंथरचना होती. तींत कोणाला कांहीं लपविण्याजोगें वाटत नव्हतें.

याच राजाचा बाप योशीया. त्याच्या कारकीर्दींत, इ. स. पूर्वीं ६२२ च्या सुमारास, यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चालू असतां हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचें एक पुस्तक सांपडलें. शाफान नांवाच्या चिटणिसानें तें राजाला वाचून दाखविलें. राजानें तें ऐकून आपलीं वस्त्रें फाडलीं, आणि हें खरें कीं काय, हें विचारावयास हुल्दा नांवाच्या एका स्त्रीकडे माणसें पाठविलीं. बापानें पुस्तक ऐकून वस्त्रें फाडलीं आणि मुलानें पुस्तकच फाडलें. या दोन प्रसंगांत अठरा वर्षांचें अंतर आहे. बारूखानें आपली गुंडाळी वाचली ती शाफानाच्याच मुलाच्या दालनांतून, आणि ‘जाळूं नका’ म्हणून राजाला विनविणाऱ्यांत तो मुलगाहि होता. राजे बदलले, पण चिटणिसांच्या अशा घराण्यांनीं कागदपत्र सांभाळले. बायबलच्या निनांवी लेखकांचा शोध घेणाऱ्यानें अशाच घराण्यांकडे पाहावें.

योशीयाच्या वेळीं सांपडलेलें पुस्तक म्हणजे आजच्या ‘अनुवाद’ नामक पुस्तकाचा गाभा होय, असें डी वेट्ट या जर्मन पंडितानें १८०५ सालीं सुचविलें, आणि बहुतेक अभ्यासकांना तें पटलें. त्याचा हेतु ओळखणें कठीण नाहीं. उत्तरेकडचें इस्राएलचें राज्य इ. स. पूर्वीं ७२२ च्या सुमारास अश्शूरांनीं बुडविलें होतें. दक्षिणेचें राज्य तरी वांचावें, म्हणून एक देव, एक मंदिर व राजालाहि बांधणारा एक कायदा त्या पुस्तकानें सांगितला. आणि त्या कायद्यांत विधवा, अनाथ व परदेशी यांना जागा दिली.

परंतु अनुवाद हें पुस्तक परंपरेनें मोशेचें मानलें जातें. उत्पत्तीपासून अनुवादापर्यंतचीं पांचहि पुस्तकें त्यानेंच लिहिलीं, असें यहुदी व ख्रिस्ती लोक शतकानुशतकें मानीत आले. अडचण अशी कीं, पांचव्या पुस्तकाच्या अखेरीस मोशेच्या मृत्यूचीच हकीकत आहे. इस्राएलांत राजे होण्यापूर्वींची गोष्ट म्हणून उत्पत्तींत एक यादी दिली आहे; असें वाक्य राजे होऊन गेल्यावरच लिहितां येतें. जलप्रलयाच्या कथेंत एकदां प्रत्येक जातीची एक जोडी नौकेंत घ्यावयास सांगितली आहे, तर लगेच पुढें शुद्ध पशूंचीं सात सात जोडपीं. दोन जुन्या कथा कोणीं तरी अदबीनें एकत्र विणल्या आणि दोहोंपैकीं एकीचाहि धागा तोडला नाहीं, असाच याचा अर्थ होतो.

हें उघड बोलणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली. जॉन विल्यम कोलेन्सो हा दक्षिण आफ्रिकेंतील नाताळचा बिशप. पूर्वीं तो गणित शिकवीत असे आणि त्याचें अंकगणिताचें पुस्तक इंग्लंडांतील शाळांतून चालत असे. बायबलचें झुलू भाषेंत भाषांतर करीत असतां, जलप्रलयाची ही कथा खरोखरच घडली काय, असें त्याच्या झुलू सहकाऱ्यानें त्याला विचारलें. कोलेन्सोला होय म्हणवेना. त्यानें मग सगळ्याच आंकड्यांचा हिशेब मांडला. मिसर देशांतून निघालेले लढाऊ पुरुष सहा लाख, तर बायकामुलें धरून माणसें किती, त्यांना पाणी किती, गुरांना चारा किती? गणिताच्या मास्तराला आंकडे डोळ्याआड करतां येत नाहींत. १८६२ सालीं त्याचा ग्रंथ निघूं लागला. १८६३ सालीं केपटाउनच्या बिशपानें त्याला पदच्युत ठरविलें, आणि १८६५ सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें तो निकाल रद्द केला. स्कॉटलंडांत रॉबर्टसन स्मिथ याला ज्ञानकोशांत ‘बायबल’ या विषयावर लिहिलेल्या लेखापायीं चौकशीला तोंड द्यावें लागलें, व १८८१ सालीं त्याची अबर्डीन येथील अध्यापकाची जागा गेली. दोघेहि श्रद्धावान् ख्रिस्ती होते. ग्रंथ ईश्वरप्रेरित आहे कीं नाहीं, याचा निवाडा इतिहासानें होत नाहीं. पण तो कोणाच्या हातून लिहिला गेला, हें विचारणें म्हणजे त्याचा अपमान करणें नव्हे, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. वेलहाउझेन यानें १८७८ सालीं पांच पुस्तकांतले चार धागे वेगळे करून दाखविले. त्या धाग्यांच्या वांटणीविषयीं आज विद्वानांत पुष्कळ मतभेद आहेत, पण हें काम एका हातचें नव्हे, याविषयीं फारसा वाद उरलेला नाहीं.

यिर्मयाचें भाकित खरें ठरलें. इ. स. पूर्वीं ५८६ च्या सुमारास नबुखद्नेस्सराच्या सैन्यानें यरुशलेम जाळलें, मंदिर पाडलें व प्रमुख लोकांना बाबिलोनला नेलें. राजा गेला, भूमि गेली, यज्ञाची वेदी गेली. ज्या समाजाजवळ यांतलें कांहींच उरलें नाहीं, त्याला पराक्रमी साम्राज्यांत विरघळून जाणें अगदीं सोपें होतें. अशा वेळीं जुन्या आठवणी, कायदे, राजांच्या बखरी आणि संदेष्ट्यांचीं वचनें गोळा करून नीट लिहून काढण्याचें मोठें काम झालें. बायबलचें पहिलेंच पान पाहावें. तें या काळाच्या आसपासचें आहे, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. बाबिलोनमध्यें सूर्य व चंद्र हे देव होते. त्यांचीं भव्य मंदिरें होतीं. या पानावर त्या दोघांचीं नांवेंसुद्धां येत नाहींत. चौथ्या दिवशीं टांगलेल्या एक मोठी व एक लहान अशा दोन ज्योति, एवढीच त्यांची योग्यता! आणि सृष्टीचा क्रम सातव्या दिवसाच्या विश्रांतीवर येऊन थांबतो, कारण मंदिरावांचून, राजावांचून, परक्या देशांतहि पाळतां येण्याजोगा शब्बाथ त्या लोकांच्या हातीं राहिला होता. जित झालेल्या लोकांनीं जेत्यांच्या देवांना इतक्या शांतपणें दिलेलें उत्तर विरळाच.

इराणच्या कोरेश राजानें बाबिलोन जिंकल्यावर इ. स. पूर्वीं ५३८ च्या सुमारास परतीची वाट मोकळी झाली. पुढें एज्रा नांवाच्या शास्त्र्यानें यरुशलेमच्या पाणीवेशीपुढें लांकडी मंचावर उभें राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलें, आणि लेव्यांनीं लोकांत हिंडून त्याचा अर्थ समजावून दिला. पुरुषांबरोबर स्त्रियाहि ऐकावयास उभ्या होत्या, असें त्या ठिकाणीं मुद्दाम नमूद आहे. पंडिता रमाबाईंनीं केडगांवास हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबल सोप्या मराठींत उतरविलें, तें याच हेतूनें. त्यांच्या निधनानंतर १९२४ सालीं तें छापून प्रसिद्ध झालें.

दानीएलाचें पुस्तक बाबिलोनच्या काळांतलें म्हणून सांगितलें जातें. पण अँटिओकस या ग्रीक वंशाच्या राजानें इ. स. पूर्वीं १६७ मध्यें मंदिर भ्रष्ट केलें, त्या छळाच्या दिवसांत लोकांचा धीर टिकावा म्हणून तें आजच्या रूपांत सिद्ध झालें, असा बहुतेकांचा निर्णय आहे. जुन्या पुरुषाच्या नांवानें लिहिणें यास त्या काळीं लबाडी समजत नसत. नामदेवाची मुद्रा घेऊन मागाहून अभंग रचणारे आपल्याकडेहि होऊन गेले.

नव्या करारांत मात्र कांहीं लेखक प्रत्यक्ष भेटतात. त्यांतले अगदीं जुने लेख म्हणजे पौलाचीं पत्रें. थेस्सलनीकाकरांस लिहिलेलें पहिलें पत्र इ. स. ५० च्या सुमाराचें आहे. आपण धर्मग्रंथ लिहीत आहोंत, अशी पौलाची कल्पनाहि नव्हती. कोठें भांडण मिटवावयाचें, कोठें मेलेल्या आप्तांविषयीं लोकांना दिलासा द्यावयाचा, कोठें अनेसिम नांवाच्या दासाला भाऊ म्हणून परत घ्या, अशी त्याच्या धन्याला गळ घालावयाची. त्याच्या नांवावर १३ पत्रें आहेत. त्यांपैकीं सात निर्विवाद त्याचीं मानतात. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटीं तर मौज आहे. हें पत्र लिहून घेणारा तर्तिय आपलाहि नमस्कार मध्येंच घालून देतो! बारूखानंतर सहा शतकांनीं पुनः एका लेखनिकाचा चेहरा क्षणभर दिसतो.

येशूनें स्वतः एकहि पुस्तक लिहिलें नाहीं, आणि त्याच्या पहिल्या शिष्यांना घाईहि वाटली नाहीं, कारण तो लवकरच परत येईल अशी त्यांची खात्री होती. पण वर्षें गेलीं, ज्यांनीं पाहिलें-ऐकलें तीं माणसें मरूं लागलीं, आणि इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें यरुशलेमचें मंदिर दुसऱ्यांदा जाळलें. त्याच सुमारास मार्काचें शुभवर्तमान लिहिलें गेलें. मत्तय व लूक यांचीं त्यानंतर, आणि योहानाचें शतकाच्या अखेरीस. या चारींच्या मजकुरांत लेखकाचें नांव कोठेंहि नाहीं. नांवें दुसऱ्या शतकांत चिकटलीं. हेतु मात्र दोघांनीं लिहून ठेविला आहे. थियफिल नांवाच्या कोणा मान्यवराला जें शिक्षण मिळालें आहे, तें खात्रीचें आहे हें त्याला कळावें, म्हणून आपण आरंभापासून चौकशी करून लिहीत आहों, आणि आपल्यापूर्वीं पुष्कळांनीं असे प्रयत्न केले आहेत, असें लूक म्हणतो. योहानाचा लेखक सरळ सांगतो कीं, वाचणाऱ्याच्या ठायीं विश्वास उत्पन्न व्हावा म्हणून हें लिहिलें आहे. एकाची भाषा शोधकाची, दुसऱ्याची साक्षीदाराची.

या लेखांपैकीं एकाचीहि मूळ प्रत उरलेली नाहीं; हातीं आहेत त्या नकलांच्या नकला. कोणतीं पुस्तकें कपाटांत ठेवावयाचीं, हा वादहि पुष्कळ दिवस चालला. आजच्या नव्या करारांतलीं नेमकीं २७ पुस्तकें एका यादींत प्रथम आढळतात तीं अलेक्झांड्रियाच्या अथानासियस बिशपाच्या इ. स. ३६७ च्या पत्रांत. जुन्या कराराविषयीं तर अजूनहि एकमत नाहीं. रोमन कॅथॉलिक बायबलांत एकूण ७३ पुस्तकें असतात, आणि इथिओपियाच्या चर्चच्या बायबलांत त्याहूनहि अधिक.