लेकरू निवासी शाळेत गेलं, तर त्याच्या पगाराचं काय?

(छावणी येथे झालेल्या संघाच्या बैठकीतील भाषण)



आज गुरुवार, छावणीचा बाजार. निम्म्या जणींच्या पिशव्या अजून रिकाम्या आहेत, म्हणून लांबण लावत नाही.

मागच्या महिन्यात एका गटातली ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरगी नऊ वर्षांची झाली, तिला ऐकू येत नाही. कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत जागा आहे. पण तिला निराधारचा पगार चालू आहे. शाळेत टाकली अन् पगार बंद झाला तर?" या एका भीतीपायी दोन वर्षं पोरगी घरी बसली. पगार चालू राहिला, पण पोरीला ना खुणांची भाषा आली, ना अक्षर.

ही भीती खोटी नाही. दिव्यांगांचा पगार ऑक्टोबर 2025 पासून दीड हजाराचा अडीच हजार झाला. वर्षाचे 30,000 रुपये होतात. आपल्या घरात ही रक्कम लहान नाही. म्हणून घाबरून बसण्यापेक्षा हिशोब नीट समजून घेऊ. लेकराच्या सवलतींची तीन गाठोडी करा.

पहिलं गाठोडं दिव्यांगपणाचं. यूडीआयडी कार्ड, एसटीची 75 टक्के सवलत, आणि स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांग लेकरांसाठी निरामय आरोग्य विमा, वर्षाला 1 लाखापर्यंतचा. लेकरू रात्री कुठं झोपतं, यावर हे ठरत नाही. आठवडाभर शाळेत आणि सुट्टीत घरी असलं, तरी ते दिव्यांग आहेच. त्याला आणायला जाताना तुमचं तिकीट बाई म्हणून अर्धं आहेच.

दुसरं गाठोडं शिक्षणाचं. इथं वसतिगृहात राहिल्यानं उलट फायदा होतो. नववी-दहावीच्या दिव्यांग मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे. घरून जाणाऱ्याला महिना 500 रुपये, वसतिगृहात राहणाऱ्याला 800. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. फॉर्मवर वसतिगृहाच्या रकान्यात खरं तेच भरा. एका वेळी एकच शिष्यवृत्ती मिळते, हेही ध्यानात ठेवा.

तिसरं गाठोडं घर-गावाचं. जपायचं ते हेच. अंत्योदय कार्डाला घरामागं 35 किलो धान्य, माणसं किती का असेनात. पण प्राधान्य कार्डाला माणशी 5 किलो. लेकराची ई-केवायसी राहिली तर त्याचं धान्य अडकतं. म्हणून दिवाळीला लेकरू घरी आलं, की फराळाच्या आधी ते काम उरका. वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी आधारवरचे ठसेही नवे द्यावे लागतात. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो, तेव्हा गावच्या यादीत लेकराचं नाव राहू द्या.

निराधारचा पगारही याच गाठोड्यात. इथं माझं सांगणं एवढंच, की लपवू नका आणि ऐकीव गोष्टीवर जाऊ नका. चौकशीला कोणी आलं आणि शेजारीण म्हणाली, "पोरगी इथं नसतीच", तर आपली बाजू मांडायच्या आधीच नाव कटायचं. प्रवेशाच्या आधी तहसीलच्या संजय गांधी शाखेत अर्ज द्या. शाळेचं नाव, लेकरू किती दिवस शाळेत, किती दिवस घरी, घरी असताना खर्च कोणाचा, हे सगळं लिहा. पगार चालू राहील का, याचं उत्तर लेखी मागा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारा. अर्जाला 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

घरात एक वही ठेवा. लेकरू कोणत्या तारखेला आलं, कधी परत गेलं, औषधाला, मशीनच्या सेलला किती लागले, ते लिहा. शाळेचा बोनाफाईड आणि सुट्ट्यांची यादी त्याच वहीत ठेवा. आपण गटाचा पै-पैचा हिशोब लिहितो, मग लेकराचा का नाही?

आता शेवटचं. समजा, उत्तर नको तेच आलं आणि पगार थांबला. तरी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 40 टक्के किंवा जास्त दिव्यांग असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या लेकराला जवळच्या किंवा आपण निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो काही कोणाचा उपकार नाही. पगाराचा अर्ज पुन्हा करता येतो. शिकायचं वय मात्र परत येत नाही.

त्या ताईचा अर्ज आम्ही गटात बसून लिहिला. पोच तिच्या पिशवीत आहे, उत्तर यायचंय. पण गटानं वाट बघितली नाही. पोरीच्या कपड्यांना, पेटीला आणि एसटीला अंतर्गत कर्ज मंजूर केलं. जूनमध्ये पोरगी शाळेत जाणार.

तुमच्या गटात असं घरी बसलेलं लेकरू असेल, तर पुढच्या बैठकीत पहिला विषय त्याचा घ्या.