इस्लाम आणि धर्मांधता

पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात जामसर नावाचे एक गाव आहे. मुलूख डोंगराळ, वस्ती बहुतांशी वारली, कोकणा, ठाकूर अशा आदिवासी जमातींची, शेती पावसावर अवलंबून असलेली, भात, नागली आणि वरई यांची. इस्लामचा आणि धर्मांधतेचा परस्परसंबंध काय, हा वाद आज जगभर चालू आहे. त्या वादात अशा एखाद्या गावाचे नाव कोणी घेणार नाही. तथापि या वादात पुढे केले जाणारे दोन्ही बाजूंचे पुरावे जेथे एकमेकांच्या शेजारी सापडतात, असा हाच टापू आहे. म्हणून विवेचनाचा आरंभ येथूनच केलेला बरा.

जव्हार हे पूर्वी संस्थान होते. तेथील राजे कोळी समाजातील मुकणे घराण्याचे. दिल्लीच्या तख्तावर महंमद तुघलक असताना, इ. स. १३४३ च्या जून महिन्याच्या ५ तारखेस, दिल्ली दरबाराने या घराण्याच्या राजाला मान्यता देऊन 'निमशाह' हा किताब बहाल केला. ही घटना संस्थानाला इतकी महत्त्वाची वाटली की त्या दिवसापासून तेथील दप्तरात नवा शक सुरू झाला. पुढे विक्रमशाह, पतंगशाह अशी नावे या हिंदू राजांनी शतकानुशतके अभिमानाने धारण केली. जव्हार गावात शाह सदरोद्दीन चिश्ती या सूफी सत्पुरुषांचा दर्गा आहे व तेथे उरूस भरतो. सारांश, या डोंगरात इस्लाम आला तो एक किताब आणि एक दर्गा या रूपांनी आला आणि शेजार धरून राहिला.

आता दुसरी वार्ता पाहा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत जव्हार आणि कल्याण ही दोन्ही गावे एकाच ठाणे जिल्ह्यात मोडत होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कल्याणचे चार सुशिक्षित मुसलमान तरुण यात्रेकरूंच्या एका जथ्याबरोबर इराकला गेले आणि तेथून नाहीसे होऊन 'इस्लामिक स्टेट' या संघटनेला मिळाले. त्यांच्यापैकी एक नोव्हेंबरात परत आला. इकडे घरची माणसे यात्रेतून येणाऱ्या मुलांची वाट पाहत होती. त्या मुलांनी पत्करलेल्या संघटनेने जुलै महिन्यात मोसूल शहरातील नबी युनूस यांचे प्राचीन स्थान सुरुंग लावून उडवून दिले.

एकाच जिल्ह्यातील या दोन गोष्टी. पहिलीला इस्लाम म्हणावे की दुसरीला? या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात आणि ती दोन्ही मोठ्या आत्मविश्वासाने दिली जातात. एक पक्ष म्हणतो, धर्मांधता हेच इस्लामचे खरे स्वरूप होय. बाकी सारे वरपांगी. दुसरा पक्ष म्हणतो, धर्मांधतेचा आणि इस्लामचा काडीमात्र संबंध नाही. दोन्ही उत्तरे तपासून पाहिली पाहिजेत. परंतु त्याआधी एका शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. धर्मांधता म्हणजे श्रद्धेची उत्कटता नव्हे. पाच वेळा नमाज पढणारा अथवा वर्षभर एकादशी करणारा मनुष्य तेवढ्यावरून धर्मांध ठरत नाही. आपण लावलेल्या अर्थाखेरीज दुसरा अर्थ ज्याला सहन होत नाही, आणि तो इतरांवर शस्त्राने लादावयास जो सिद्ध होतो, तो धर्मांध.

पहिला पक्ष प्रथम घेऊ. कुराणात युद्धाची वचने आहेत हे खरे. धर्माच्या बाबतीत सक्ती नको असे सांगणारे वचनही त्याच ग्रंथात आहे, हेही तितकेच खरे. ग्रंथ एकच असून शतकानुशतके वाचणारे त्यातून निरनिराळा बोध घेत आले. धर्मांधता हेच जर इस्लामचे सार असते, तर धर्मांधांचा पहिला घाव इस्लामबाहेरच्या लोकांवर पडावयास हवा होता. इतिहास याच्या उलट सांगतो. इ. स. ६५७ मध्ये सिफीन येथे चौथे खलिफा हजरत अली व मुआविया यांची लढाई झाली. तीत अलींनी लवादाची तडजोड मान्य केली. निवाडा करण्याचा अधिकार केवळ ईश्वराचा, तो माणसांवर सोपविणारा पापी होय, असे म्हणून त्यांच्याच सैन्यातील एक गट फुटून निघाला. यांना खारिजी म्हणतात. मोठे पाप करणारा मुसलमान हा मुसलमानच उरत नाही, अशी त्यांची विचारसरणी. ६६१ साली कूफा येथील मशिदीत अलींवर जीवघेणा वार करणारा मनुष्य खारिजीच होता. मोसूलचे जे स्थान उद्ध्वस्त झाले तेही मुसलमानांना पूज्य असलेल्या एका पैगंबराचेच होते. अशा लोकांच्या हाती सत्ता आली तर जव्हारचा दर्गा ते शिल्लक ठेवतील काय? तेव्हा दर्ग्याचा इस्लाम आणि दर्गा उडविणाऱ्यांचा इस्लाम यांना एकच समजणे म्हणजे मार खाणाऱ्याला आणि मारणाऱ्याला एकाच आरोपाखाली उभे करण्यासारखे आहे.

याच जुन्या ठाणे जिल्ह्यातील भिवंडीचा अनुभवही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तेथे भीषण दंगल उसळली. १९८४ साली पुन्हा उसळली. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या स्थापन केल्या. हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांना पोलिसांसह नियमाने एकत्र बसविण्याचा हा उपक्रम होता. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये जवळची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. माणसे तीच होती, त्यांचे धर्म तेच होते, धर्मग्रंथही तेच होते. पालटली होती ती केवळ शेजाऱ्यांची परस्परांशी असलेली वागणूक आणि सरकारी यंत्रणेची रीत. ग्रंथ हेच जर एकमेव कारण असते, तर हा पालट घडला नसता.

इतके ऐकल्यावर दुसऱ्या पक्षाला विजय मिळाला असे वाटेल. पण त्याचेही उत्तर पुरते नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला. १६६ जीव गेले. त्यांत मुसलमानही होते. हल्लेखोरांपैकी नऊ जण मारले गेले. मरीन लाइन्स येथील बडा कबरस्तानची व्यवस्था पाहणाऱ्या मुस्लिम जामा मशीद ट्रस्टने त्यांच्या दफनाला जागा देण्यास स्पष्ट नकार दिला. त्या वर्षी ९ डिसेंबरला आलेल्या बकरी ईदला अनेक मुसलमानांनी दंडाला काळ्या फिती बांधून नमाज पढली. ती नऊ शवे जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिली. अखेर जानेवारी २०१० मध्ये सरकारने त्यांचे गुप्तपणे दफन केले, आणि एप्रिलमध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ते विधिमंडळात सांगितले. मृताला मूठमाती देणे हे ज्या समाजात पुण्यकर्म समजतात, त्या समाजाने असा नकार देणे ही सामान्य गोष्ट नव्हे. मुंबईकरांनी ती विसरू नये.

परंतु या नकारामागे जे कारण सांगण्यात आले, ते असे की असे कृत्य करणारे मुसलमानच असू शकत नाहीत. भावना म्हणून हे वाक्य थोर आहे. युक्तिवाद म्हणून मात्र ते लंगडे पडते. कारण पापी मनुष्य हा मुसलमानच नव्हे, हे सूत्र मूळचे खारिज्यांचे! ज्या हत्याराने धर्मांध इतरांना धर्माबाहेर काढतो, त्याच हत्याराने त्याला बाहेर काढले की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. वस्तुतः तो मिटत नाही. कल्याणच्या त्या मुलांना कोणी परक्या भाषेत भुलविले नव्हते. आवाहन झाले ते त्यांच्याच धर्माच्या शब्दांत आणि त्यांच्याच पूर्वजांच्या स्मृतींच्या आधारे. संबंधच नाही असे म्हटले, की त्या शब्दांचा खरा अर्थ मुलांना सांगण्याची जबाबदारीही कोणावर उरत नाही.

ही जबाबदारी ज्यांनी पत्करली अशी माणसे महाराष्ट्रात होऊन गेली. चिपळूणजवळच्या मिरजोळी गावी १९३२ मध्ये जन्मलेले हमीद दलवाई हे त्यांपैकी एक. 'इंधन' कादंबरीचे हे लेखक. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. तोंडी तलाक बंद व्हावा ही त्या स्त्रियांची एक मुख्य मागणी होती. २२ मार्च १९७० रोजी पुण्यास त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांचे म्हणणे असे की मुसलमानांतील जमातवाद ही केवळ हिंदू जमातवादाची प्रतिक्रिया नव्हे. त्याची मुळे परंपरेतही आहेत, आणि मुसलमानांनी आपली परंपरा स्वतःच निर्भयपणे तपासली पाहिजे. दलवाई स्वतः श्रद्धावान नव्हते. ३ मे १९७७ रोजी, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही धार्मिक विधी न करता त्यांचे दहन करण्यात आले.

दुसरे असगर अली इंजिनियर. दाऊदी बोहरा समाजातील एका धर्मोपदेशकाचे हे पुत्र. मुंबई महापालिकेत त्यांनी अभियंता म्हणून नोकरी केली. ते आयुष्यभर श्रद्धावान राहिले. न्याय आणि समता हेच कुराणाचे हृदय आहे असे ते मांडीत. अनेक दंगलींची त्यांनी जागेवर जाऊन तपासणी केली आणि धर्माच्या नावाखाली बहुधा राजकारण व आर्थिक स्पर्धा लढत असतात, असा निष्कर्ष काढला. आपल्या समाजातील धर्मगुरूंच्या अनिर्बंध सत्तेविरुद्ध बोलल्याबद्दल त्यांना बहिष्कार आणि मारहाण सोसावी लागली. १४ मे २०१३ रोजी ते मुंबईस निधन पावले.

एक नास्तिक, एक आस्तिक. एकाचा भर परंपरेच्या दोषांवर, दुसऱ्याचा परिस्थितीच्या दोषांवर. कल्याणची गोष्ट पाहिली की दलवाईंचे म्हणणे पटते. भिवंडीची पाहिली की इंजिनियर यांचे पटते. पण दोघांत एक गोष्ट समान होती, आणि या वादाचे मर्म तीत आहे. 'हे आमचे नव्हे' असे म्हणून दोघांपैकी कोणीही हात झटकले नाहीत. घर आपले आहे, म्हणून त्यातील जळमटे काढण्याचे कामही आपलेच, अशी दोघांची वृत्ती. सप्टेंबर २०१४ मध्ये निरनिराळ्या देशांतील शंभरांहून अधिक मुसलमान विद्वानांनी 'इस्लामिक स्टेट'च्या म्होरक्याला उघड पत्र लिहिले, तेही याच वृत्तीने. त्याला इस्लामबाहेर काढून ते मोकळे झाले नाहीत. त्याचा एकेक दावा घेऊन धर्मशास्त्राच्या आधारे त्यांनी तो खोडून काढला. धर्मात धर्मांधता असते किंवा नसते, असा हा प्रश्नच नव्हे. घरातल्या घरात शंका विचारणाऱ्याला तेथे जागा आहे की नाही, हा खरा प्रश्न. जेथे ती जागा असते तेथे धर्मांध एकटा पडतो. जेथे ती नसते तेथे शंका घेणारा एकटा पडतो.

श्रोतेहो, येथे शेजाऱ्यांचे कर्तव्यही सांगितले पाहिजे. कारण ही जागा काही अंशी शेजारीही राखतो किंवा बुजवितो. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी मराठी होता, ब्राह्मण होता. पुढच्या दिवसांत महाराष्ट्रात गावोगाव ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. त्या घरांतील म्हाताऱ्याकोताऱ्यांचा आणि लेकरांचा त्या कृत्याशी कोणता संबंध होता? मराठी मध्यमवर्गातील अनेक कुटुंबांत ही आठवण अजून सांगितली जाते. एका माणसाच्या अपराधासाठी सबंध जातीला जबाबदार धरणे म्हणजे काय, हे ज्यांच्या वाडवडिलांनी भोगले, त्यांनी तोच न्याय दुसऱ्याला लावताना थबकावयास नको काय? गांधींच्या हत्येमागील विचारसरणीची चिकित्सा हिंदूंनी केली पाहिजे, हे जितके खरे, तितकेच त्या चिकित्सेचे निमित्त करून घरे जाळणे हा अन्याय, हेही खरे. मुसलमानांच्या बाबतीतही ही दोन्ही वाक्ये एकत्रच उच्चारली पाहिजेत.

दलवाईंचे नाव अलीकडे पुष्कळ लोक घेतात. मुसलमानांना टोचण्यापुरते ते घेणारे अधिक. दलवाईंनी हिंदू जमातवादावरही तितकीच कठोर टीका केली होती, हे असे लोक सोयीस्करपणे वगळतात. सुधारकाला शेजाऱ्याने काठी म्हणून वापरले की घरचे लोक त्याला शत्रूचा हस्तक म्हणू लागतात. मग त्याचे बोलणे ज्यांच्या कानी जावे, त्यांच्याच कानी ते जात नाही.

आज जामसरसारख्या दूरच्या गावातही मोबाइलवर सारे जग येऊन पोहोचते. ज्याला मुसलमान शेजारी नाही, त्याची इस्लामविषयीची सगळी समजूत त्या लहानशा पडद्यावरून होण्याचा संभव आहे. कल्याणच्या मुलांनाही दूरच्या माणसांनी असेच दूरून वश केले होते. यापुढे 'ते सगळे असेच' हे वाक्य घरात ऐकू आले, म्हणजे 'ते' कोण, 'असे' म्हणजे कसे, आणि त्यांच्यातच त्याला विरोध करणारे कोण, असे तीन प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलांसमक्ष विचारावेत. उत्तरे शोधताना वेळ जाईल. परंतु तेवढा वेळ विचार करण्याची सवय ज्याला घरात लागली, त्याला कोणत्याही धर्माच्या नावाने भुलविणे फार कठीण जाते.