हवा लहान होत नाही

एखादी वस्तू चौपट लहान करावयाची म्हणजे तिची लांबी, रुंदी आणि उंची चारांनी भागावयाची, इतका हिशेब शाळकरी मुलगाही करील. काचेच्या कपाटात मांडावयाच्या प्रतिकृतीला तेवढा हिशेब पुरतो. पण तीच प्रतिकृती आकाशात उडवावयाची म्हटली की हा भागाकार अपुरा पडतो. विमान आपण लहान करू शकतो. हवा मात्र होती तेवढीच राहते. महायुद्धातील लढाऊ विमानाची मोठ्या मापाची, रेडिओच्या नियंत्रणाने उडणारी प्रतिकृती बांधण्याच्या छंदाविषयी आज मी बोलणार आहे. आणि लहान न होणाऱ्या गोष्टी कोणत्या, हाच माझ्या बोलण्याचा विषय आहे.

आम्ही काही मित्र रायपुरात स्पिटफायर या विमानाची एक चतुर्थांश मापाची प्रतिकृती बांधीत आहोत. रेजिनाल्ड मिचेल या इंग्रज अभियंत्याने आखलेले हे विमान ५ मार्च १९३६ रोजी प्रथम उडाले. पुढच्याच वर्षी मिचेल वारला. परंतु त्याच्या विमानाच्या वीस हजारांहून अधिक प्रती निघाल्या. आपला आणि या विमानाचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही. ब्रिटिश वायुदलाच्या १३२ क्रमांकाच्या तुकडीचे नावच मुळी ‘सिटी ऑफ बॉम्बे’ असे होते आणि ती स्पिटफायर चालवीत असे. १२४ क्रमांकाच्या तुकडीला बडोद्याचे नाव होते. १९४४ मध्ये हे विमान भारतीय हवाई दलाकडे आले आणि नोव्हेंबर १९४७ मध्ये काश्मीरच्या रणांगणावर आपल्या वैमानिकांनी ते वापरले. म्हणून आमच्या प्रतिकृतीवर मुंबईच्या तुकडीची ‘एफ एफ’ ही अक्षरे रंगवावयाची, असे आम्ही ठरविले आहे.

आता थोडे गणित. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, आमचा २.८१ मीटर. येथवर भागाकार ठीक चालतो. पंखांचे क्षेत्रफळ मात्र चाराने नव्हे, सोळाने कमी होते, आणि वजन तर लांबी, रुंदी व उंची या तिन्हींच्या गुणाकाराने घटत असल्यामुळे चौसष्टाने भागावे लागते. उत्तरकाळातील सशस्त्र स्पिटफायर सुमारे ३,४०० किलो भरत असे. त्याचा चौसष्टावा हिस्सा ५३ किलो होतो. एवढे वजन हवेत नेणे शक्य आहे. पण ते ज्या वेगाने खाली उतरेल तो वेग कोणत्याही सुज्ञ माणसाला मानवणार नाही. म्हणून आम्ही १८ किलोंची मर्यादा घालून घेतली आहे. मूळ इंजिन २७ लिटरचे होते. आम्हाला ६० सी.सी.चे, पेट्रोलवर चालणारे छोटे इंजिन पुरते.

वजन घटविण्याचा हा खटाटोप बांधकामाच्या प्रत्येक टप्प्यावर दिसतो. पंखांच्या फासळ्या बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाच्या करावयाच्या, जेथे ताण अधिक तेथे प्लायवूड जोडावयाचे आणि वरून काचतंतूंचे पातळ कापड राळेने चिकटवावयाचे. गंमत अशी की, इतकी काटकसर करूनही शेवटी नाकात शिसे भरावेच लागते. मूळ विमानाच्या नाकात अवजड इंजिन होते; आमचे इंजिन त्या मानाने पिसासारखे. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढील कडेपासून त्याच्या रुंदीच्या साधारण चतुर्थांशावर आला नाही, तर विमान शेपटीकडे जड होते आणि कोणाच्याच ताब्यात राहत नाही.

मोठ्या मापाचा अट्टहास कशासाठी, असे मला पुष्कळदा विचारतात. याचेही उत्तर हवेतच आहे. हवेला मधासारखा, पण फार अल्प, चिकटपणा असतो. पंख अरुंद आणि वेग कमी असेल, तर त्या चिकटपणाचा प्रभाव वाढतो. वरच्या पृष्ठभागावरून वाहणारी हवा लवकर सुटते आणि पंखाचा आधार नाहीसा होतो. स्पिटफायरचे पंख टोकांकडे निमुळते होत जातात, तेव्हा धोका टोकांनाच अधिक. मूळ रचनाकारांनी पंखाला मुळापासून टोकापर्यंत अडीच अंशांचा पीळ दिला होता, तो यासाठीच. पाहणाऱ्याला हा पीळ जाणवतही नाही. पण विमानाचे सौंदर्य ज्या वळणदार रेषेत आहे, तिची सुरक्षितता या न दिसणाऱ्या अडीच अंशांत आहे. आम्ही पंख ग्रॅनाइटच्या सपाट लादीवर जोडतो. पावसाळ्यात लाकूड दमट होऊन एखादा अंश जरी वाकडा गेले, तरी एक पंख दुसऱ्याहून वेगळा वागू लागेल; म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पंखांचे काम बंद असते.

ऋतूचा विचार उड्डाणासाठीही करावा लागतो. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचावर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, म्हणजे येथील हवा समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा जवळजवळ एक अष्टमांशाने विरळ होते. इंजिनाची शक्ती घटते, पंखांची उचल घटते आणि धाव लांबते. त्यातच वीस किलोमीटर वेगाची झुळूक मूळ विमानाला किरकोळ होती. आमच्या विमानाच्या उतरण्याच्या वेगाचा मात्र तो तिसरा हिस्सा होतो. तेव्हा पौष-माघातील शांत सकाळ हीच आमची योग्य वेळ.

आता जबाबदारी. १८ किलोंचे हे यंत्र ताशी ९० किलोमीटर वेगाने चालले असता त्याच्या अंगी जो जोर असतो, तो पन्नास किलोंचे धानाचे पोते चार मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली येताना असावा तेवढा. धानाच्या या मुलुखात ही उपमा कोणालाही समजते. म्हणून आम्ही ग्रहणयंत्राला दोन बॅटऱ्या जोडतो, आणि संदेश तुटला तर इंजिन आपोआप मंद व्हावे अशी योजना करतो. २०२१ च्या ड्रोन नियमांत अशा प्रतिकृतींसाठी २५ किलोंची मर्यादा आहे, आणि विमान सतत उडविणाऱ्याच्या दृष्टीच्या टप्प्यात राहिले पाहिजे अशी अट आहे. विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरांच्या आत परवानगीवाचून उडता येत नाही; ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडे, जेथे अन्य मनाई नसेल तेथे, ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. मी सरकारी नोकर असल्याने नियमांची तरफदारी करतो, असे मित्र थट्टेने म्हणतात. पण एका उत्सवात हे विमान तयार होताच गर्दीच्या डोक्यावरून फिरवावे, असा आग्रह झाला, तेव्हा नकार देताना आमच्यात मतभेद झाला नाही. पोते कोणाच्या डोक्यावर धरावयाचे नाही, हे सांगण्यास नियमपुस्तक लागत नाही.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. संहारासाठी निर्माण झालेल्या यंत्राची हौसेने प्रतिकृती का करावी? रायपूरकराला हा प्रश्न टाळता येत नाही. आपले माना गाव पाहा. महायुद्धात तेथे लष्करी धावपट्टी होती. १९६४ मध्ये त्याच मानाच्या परिसरात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची मोठी छावणी उभी राहिली. आज त्या नावाबरोबर आपल्याला प्रवासी विमाने आठवतात. युद्धाच्या मागून काय काय येते, ते या एका गावाने पाहिले आहे.

आमच्या कार्यशाळेत राष्ट्रीय छात्रसेनेची मुले येतात. त्यांचे पहिले कुतूहल तोफांविषयी असते. आम्ही त्यांना त्या दाखवितो, आणि मग वैमानिकाची जागा दाखवितो. मूळ विमानातही ती इतकी अरुंद होती की, धिप्पाड माणसाचे खांदे दोन्ही बाजूंना टेकत. तेथे बसणारे बहुतेक वीस-पंचविशीतले तरुण होते. त्यांतील अनेक परतले नाहीत. आमच्या आसनावर बसणारी मूर्ती वीतभर-दोन वीत उंचीची असेल, पण तिच्याकडे पाहताना ते मरणही चौपट लहान झाले असे मुलांना वाटू नये, एवढी काळजी आम्ही घेतो.

श्रोतेहो, ज्या तरुणांना या छंदाची ओढ वाटत असेल, त्यांनी आरंभ स्पिटफायरने करू नये. हाताने फेकावयाचे वीस रुपयांच्या लाकडाचे ग्लायडर करावे, ते का पडते ते पाहावे, आणि पुन्हा करावे. मग जाणत्या माणसाजवळ उभे राहून रेडिओचे लहान विमान शिकावे. मोठे विमान दोन-तीन वर्षे मागते, पैसाही मागते. आणि ते जमिनीवरून सुटण्यापूर्वी आपण हवेशी, वजनाशी आणि खाली उभ्या असलेल्या माणसांशी किती प्रामाणिक राहिलो, याचा जाब विचारते. तो जाब देता येण्याइतकी तयारी ज्याची झाली, त्याने खुशाल मोठे विमान बांधावयास घ्यावे.