जॉन पास्को फॉकनर

ऑस्ट्रेलियातले मेलबर्न शहर कोणी वसवले, असे विचारले की दोन नावे पुढे येतात. एक जॉन बॅटमन, दुसरे जॉन पास्को फॉकनर. आज मी फॉकनरविषयी बोलणार आहे. ज्याला कायद्याने फटक्यांची शिक्षा दिली, तोच माणूस पुढे कायदे करायला बसला.

फॉकनर १७९२ साली लंडनमध्ये जन्मला. चोरीचा माल घेतल्याबद्दल त्याच्या वडिलांना हद्दपारीची शिक्षा झाली आणि १८०३ मध्ये हे कुटुंब कैद्यांच्या जहाजातून पोर्ट फिलिप उपसागराच्या किनाऱ्यावरच्या नव्या वसाहतीत उतरले. ती वसाहत काही महिन्यांतच मोडली आणि सगळ्यांची रवानगी आजच्या टास्मानियात झाली. तिथे १८१४ मध्ये पळून जाऊ पाहणाऱ्या कैद्यांना त्याने होडी बांधायला मदत केली. शिक्षा झाली ५०० फटके आणि ३ वर्षे सक्तमजुरीची.

पण तो खचला नाही. लॉन्सेस्टनला त्याने पाव भाजले, हॉटेल चालवले, १८२९ मध्ये वृत्तपत्र काढले. १८३५ मध्ये त्याचे 'एंटरप्राइझ' गलबत यारा नदीत शिरले आणि त्यातली माणसे काठावर, आजच्या मेलबर्नच्या जागी, उतरली. दीड-दोन महिन्यांनी तो स्वतःही आला. १ जानेवारी १८३८ रोजी त्याने मेलबर्नचे पहिले वृत्तपत्र सुरू केले. सुरुवातीचे अंक चक्क हाताने लिहिलेले होते. १८४५ मध्ये त्याचे दिवाळे निघाले, त्यातूनही तो सावरला.

१८५१ मध्ये मेलबर्नभोवतालचा प्रदेश व्हिक्टोरिया नावाची स्वतंत्र वसाहत झाला. त्याच वर्षी फॉकनर विधान परिषदेवर निवडून आला आणि १८६९ मध्ये मरेपर्यंत सभासद राहिला. हजारो एकर कुरणे अडवून बसलेल्या मेंढपाळ जमीनदारांविरुद्ध तो लहान शेतकऱ्याची बाजू मांडत असे. खाणकामगारांच्या युरेका बंडाच्या सुमारास नेमलेल्या सोनेखाण आयोगावरही तो होता. तोवर सोने सापडो न सापडो, खाणकामगाराला परवान्याचे पैसे भरावेच लागत. आयोगाच्या शिफारशीवरून तो जाचक परवाना गेला, वर्षाला १ पौंडाचे हक्कपत्र आले आणि त्याबरोबर मतदानाचा अधिकारही मिळाला.

मात्र यारेचा काठ रिकामा नव्हता. ती कुलिन या मूळ रहिवासी लोकांची भूमी होती. बॅटमनने त्यांच्याशी केलेला म्हणवला जाणारा करार गव्हर्नरने रद्द ठरवला, तो कुलिनांच्या हक्कासाठी नव्हे. सारी जमीन ब्रिटिश राजाची, असा त्याचा दावा होता म्हणून. फॉकनरनेही त्याच जमिनीवर घर बांधले, शेत नांगरले. भूमिहीन गोऱ्यांसाठी तो झगडला. ज्यांची भूमी गेली त्यांना विधान परिषदेत जागा नव्हती.

आज मेलबर्नमध्ये अनेक मराठी कुटुंबे सुखाने नांदत आहेत. त्यांना माझी एवढीच विनंती, की फॉकनरच्या नावाच्या बागेत मुलांना न्याल तेव्हा त्याच्या जिद्दीची गोष्ट जरूर सांगा, आणि कुलिन लोकांची गोष्ट त्याच बैठकीत सांगा.